कोट परत मागणारी माणसं

ऑपेराचा प्रयोग सुरू व्हायच्या बेतात असतो. दिवे मंद झालेले, वाद्यवृंदाचे सूर जुळवून झालेले. अशा वेळी पडद्याच्या फटीतून हातात माइक घेतलेला काळ्या सुटातला माणूस बाहेर आला, की त्याने तोंड उघडायच्या आधीच प्रेक्षागृहातून एक आवाज उठतो. हजारभर माणसं एकदम ‘अरेरे’ म्हणतात, पण शब्दावाचून. पडद्यासमोर येऊन कुणी चांगली बातमी देत नाही, हे इथल्या प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं. कधी तो माणूस सांगतो, की अमुक गायकाला सर्दी झाली आहे, तरी तो गाणार आहे, आपण सांभाळून घ्यावं. मग सुटकेच्या टाळ्या पडतात. कधी तो दुसरंच नाव उच्चारतो.

हा आवाज मी बहुतेक वेळा भिंतीपलीकडून ऐकला. राइनच्या काठच्या एका मध्यम शहरात मी मास्टर्स करायला आले आणि खर्चाची तोंडमिळवणी व्हावी म्हणून तिथल्या ऑपेरा हाऊसमध्ये संध्याकाळी कोट सांभाळायचं काम धरलं. कोट घ्यायचा, आकड्याच्या आकड्यावर टांगायचा, बिल्ला द्यायचा, प्रयोग संपला की उलट. घरी मी ‘थिएटरात काम मिळालं’ एवढंच कळवलं होतं. आईने ते नातेवाइकांत ‘ऑपेरात असते’ असं पसरवलं आणि कोल्हापूरच्या मावशीची बरेच दिवस समजूत होती, की मी तिथे गाते. शिक्षण संपलं, नोकरी लागली, तरी आठवड्यातल्या काही संध्याकाळी मी ते काम सोडलं नाही. काउंटरच्या वर एक छोटा स्पीकर होता, त्यातून रंगमंचावरचं सगळं ऐकू यायचं. ऑपेरा मला आधी ऐकू आला आणि दिसला फार नंतर.

कोटांच्या काउंटरवरून प्रेक्षक जसा कळतो, तसा तो रंगमंचावरूनही कळत नसेल. टाळ्या खोट्या वाजवता येतात, पण थंडीच्या दिवसांत कोट न घेता घरी जाता येत नाही. ज्याला प्रयोग आवडलेला नाही तो मध्यंतरात बिल्ला पुढे करतो, नजर चुकवतो आणि न विचारता डोकं दुखत असल्याचं सांगतो. मोठ्या नावाचा गायक ऐन वेळी आजारी पडला, की हा खेळ प्रयोगाच्या आधीच सुरू व्हायचा.

एका जानेवारीतली संध्याकाळ सांगते. ‘ला त्राव्हियाता’चा खास प्रयोग होता, व्हायोलेटा या नायिकेच्या भूमिकेला बाहेरून पाहुणी गायिका बोलावलेली. नाव सांगत नाही, पण पोस्टरवर ते ऑपेराच्या नावापेक्षा मोठं होतं. तिकिटांचे दर नेहमीच्या दुपटीहून जास्त आणि तरी हाऊसफुल्ल. सकाळी बाईंचा घसा बसला. दुपारी पोस्टरवर आडवा कागद चिकटवला गेला: आजारपणामुळे यांच्याऐवजी या. संध्याकाळी दारं उघडली तेव्हा लोक त्या कागदापुढे थबकत होते, वाचत होते, मग बरोबरच्या माणसाला वाचून दाखवत होते, जणू दुसऱ्याने वाचलं तर मजकूर वेगळा निघेल.

एक जोडपं लांबच्या गावाहून आलं होतं. लग्नाच्या वाढदिवसाला मुलांनी तिकिटं घेऊन दिलेली, हॉटेलही धरलेलं. बाईंनी कोट काढता काढता मला विचारलं, “ही दुसरी बाई खरी गायिका आहे ना?” मी म्हटलं, आहे. मला काहीही माहीत नव्हतं, पण माझ्या जागी कुणीही हेच सांगितलं असतं. त्यांच्या मागे उभे असलेले एक गृहस्थ मात्र कोट देऊन, बिल्ला घेऊन, त्या कागदापर्यंत जाऊन परत आले आणि बिल्ला काउंटरवर ठेवून म्हणाले, “मी व्हायोलेटाला ऐकायला आलो नव्हतो, हिला ऐकायला आलो होतो.” मी कोट दिला. ते निघून गेले. पैसे परत मिळणार नव्हते, हे त्यांना ठाऊक होतं.

रसिकतेच्या गप्पांत अशा माणसाला हसायची रीत आहे. खऱ्या रसिकाला म्हणे कलाकृती महत्त्वाची, कलाकार नव्हे. मला ते पटत नाही. जवळजवळ प्रत्येक ऑपेरा हाऊसच्या तिकिटांच्या अटींत लिहिलेलं असतं, की कलाकार बदलू शकतात आणि त्यासाठी पैसे परत मिळत नाहीत. अट रास्त आहे, कारण गळा हा काही यंत्राचा भाग नव्हे. पण नाव विकायचं हातभर अक्षरांत आणि अट छापायची मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, हा व्यवहार आयोजकांचा असतो, प्रेक्षकाचा नसतो. त्या गृहस्थांना जे विकलं गेलं होतं तेच त्यांनी मागितलं.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटतो. मराठी नाटकाचा मुख्य नट आजारी पडला, तर बहुतेक वेळा बुकिंगच्या खिडकीवर ‘आजचा प्रयोग रद्द’ अशी पाटी लागते, पैसे परत मिळतात आणि मंडळी वडापाव खाऊन घरी जातात. त्या नटाची भूमिका दुसऱ्या कुणी बसवलेलीच नसते. ऑपेराचं तसं नाही. व्हायोलेटाचा प्रत्येक स्वर संगीतकार व्हर्दीने लिहून ठेवला आहे, जगभर बहुतेक ठिकाणी तो मूळ इटालियनमध्येच गायला जातो आणि ती भूमिका तयार असलेल्या गायिका कुठल्याही दिवशी युरोपात डझनावारी सापडतात. जर्मनीत तर सरकारी पैशावर चालणारी ऐंशीच्या वर ऑपेरा हाऊसेस आहेत, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी पगारी गायकांचा कायमचा ताफा आहे, आणि रेल्वेने दोन-तीन तासांत एका शहराची व्हायोलेटा दुसऱ्या शहरात पोचते. सकाळी फोन फिरतात. आज मोकळी कोण, हा पहिला प्रश्न. कशी गाते, हा दुसरा.

त्या दिवशीची बदली गायिका माझ्याच काउंटरपाशी आली. कलाकारांचं दार इमारतीच्या मागच्या बाजूला होतं, ते न सापडून चाकांची बॅग ओढत ती पुढच्या दाराने आत शिरली. अंगावर फुगीर जॅकेट, गळ्याला दोन पदरी मफलर, तोंड मिटलेलं. तिने बोलायचं टाळून फोनवर काही टाइप करून मला दाखवलं: रंगमंचाकडे कुठून जायचं? माझ्याबरोबर काउंटरवर असणाऱ्या बाई, ज्यांची तिथे हयात गेली होती, त्यांनी तिला हाताला धरून आतल्या जिन्याने नेलं. परत येऊन म्हणाल्या, “स्वतःचे बूट आणलेत. शहाणी आहे.” पोशाख टाचण्या मारून तासाभरात बसवता येतो. दुसरीचे बूट घालून जिना उतरत तार सप्तकात गाणं अवघड.

आत काय चालतं ते मला हळूहळू कळत गेलं होतं. सहायक दिग्दर्शक रिकाम्या रंगमंचावर तिला चालवत नेतो: इथून एन्ट्री, इथे ग्लास, या पायरीवर बसायचं, ती तिसरी पायरी नको, हलते. वाद्यवृंदाचा कंडक्टर पियानोपाशी पंधरा-वीस मिनिटं देतो. त्यात गाण्याची तालीम होत नाही, व्यवहार ठरतो. तू इथे किती थांबतेस? शेवटच्या अंकातल्या निरोपाच्या पदाचं दुसरं कडवं गातेस की गाळतेस? बऱ्याच ठिकाणी ते गाळतात, म्हणून हे आधी विचारावंच लागतं. नाहीतर गायिका एका पानावर आणि सगळे वादक दुसऱ्या पानावर. वेळ त्याहूनही कमी असेल तर वेगळीच तोड काढतात. बदली गायिका रंगमंचाच्या कडेला नोटेशनचा स्टँड घेऊन उभी राहते आणि गाते, आणि मधोमध तिची भूमिका करतो तो सहायक दिग्दर्शक, ओठ हलवत. पहिली पाच मिनिटं लोकांना हसू येतं. नंतर, का कोण जाणे, येत नाही.

स्पीकरवरून त्या संध्याकाळचं मला सर्वांत जास्त काय आठवतं, तर खोकल्याचा अभाव. जानेवारीत जर्मन प्रेक्षागृह अखंड खोकत असतं, आणि मोठ्या गायकांच्या प्रयोगांत तर जास्तच, कारण तिथे ऐकण्यापेक्षा हजेरी लावायला आलेले पुष्कळ. त्या दिवशी पहिली काही मिनिटं नेहमीची खरखर होती. मग ती थांबली. नामांकित गायिकेला प्रेक्षक आपल्या आठवणीतल्या रेकॉर्डशी ताडून ऐकतो. या बाईशी ताडायला कुणाकडे काहीच नव्हतं, त्यामुळे ती गात होती तेच ऐकावं लागत होतं. पहिल्या अंकाच्या अखेरीस एक अतिउंच स्वर लावायची प्रथा आहे. व्हर्दीने तो लिहिलेलाच नाही, गायिका आणि प्रेक्षकांनी मिळून तो रूढ केला आहे, आणि दर्दी मंडळी त्याच्यासाठी कान टवकारून बसतात. तिने तो लावला नाही. लिहिलं होतं तसं गाऊन संपवलं. क्षणभर काहीच झालं नाही आणि मग टाळ्या आल्या त्या थांबेनात. मध्यंतरात कोट मागायला एकही माणूस आला नाही.

“आता सांग,” काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “यातल्या गाण्याला किती आणि आपण थांबलो म्हणून स्वतःला किती?”

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. पुढे मात्र अशा रात्रींबद्दल मी जे काही वाचत गेले, त्यात त्यांचा हा प्रश्न सतत मध्ये येत राहिला.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची 2002 सालची गोष्ट ऑपेराच्या जगात सगळ्यांना पाठ आहे. जगप्रसिद्ध गायक लुचियानो पाव्हारोत्ती ‘तोस्का’चे दोन प्रयोग करणार होते, 8 आणि 11 मेला. मेटमधला त्यांचा हा निरोप, असा बोलबाला होता. 11 तारखेच्या प्रयोगाची तिकिटं 1,875 डॉलरपर्यंत गेलेली आणि बाहेरच्या चौकात मोठा पडदा लावलेला. दोन्ही दिवशी पाव्हारोत्ती ऐन वेळी आले नाहीत. 11 तारखेला व्यवस्थापक जोसेफ व्होल्पी यांना पडद्यासमोर जाऊन ते सांगावं लागलं. पण त्यांनी खबरदारी म्हणून साल्वातोरे लिचित्रा या तरुण इटालियन गायकाला काँकॉर्ड विमानाने आणवून ठेवलं होतं. तो गायला, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी नवा पाव्हारोत्ती जाहीर केला.

आता 8 तारखेला कोण गायलं? फ्रान्सिस्को कासानोव्हा. तोच प्रसंग, तोच रंगमंच, तीच भूमिका, आणि त्याच्या वाट्याला तर वेळ आणखी कमी आलेला. पण विमान नव्हतं, चौकातला पडदा नव्हता, निरोपाची रात्र नव्हती. ऑपेराची माहिती असणाऱ्यांनाही त्याचं नाव आठवावं लागतं. लिचित्रा चांगला गायला यात शंका नाही, पण त्या रात्री लोक जितक्या जोराने टाळ्या वाजवत होते, त्यातल्या काही आपले पैसे वाया गेले नाहीत याच्या होत्या. आणि ‘नवा पाव्हारोत्ती’ हे ओझं बिचाऱ्याने पुढे वाहिलं. 2011 साली सिसिलीत स्कूटरच्या अपघातानंतर तो वारला, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, आणि मृत्यूच्या बातम्यांतही पाव्हारोत्तींचं नाव होतंच. खुद्द पाव्हारोत्ती मात्र पुढे 2004 च्या मार्चमध्ये मेटला परतले आणि तिथला शेवटचा ऑपेरा गाऊन गेले. त्याच ‘तोस्का’त.

गंमत म्हणजे पाव्हारोत्तींचं नावही आधी बदली गायक म्हणूनच झालं होतं. 1963 साली लंडनच्या कव्हेंट गार्डनमध्ये ज्युसेप्पे दि स्तेफानो यांच्याऐवजी ते ‘ला बोएम’मध्ये उभे राहिले. मोन्त्सेरात काबाये या स्पॅनिश गायिकेला अमेरिकेने ओळखलं ते 1965 साली कार्नेगी हॉलमध्ये, मॅरिलिन हॉर्न गरोदर असल्यामुळे मोकळी झालेली जागा भरताना. गायिका मारिया कालास 1949 मध्ये व्हेनिसला वाग्नरची धिप्पाड ब्रुनहिल्डे गात होती आणि त्याच दिवसांत मार्गेरिता कारोसिओ आजारी पडल्यामुळे तिने अगदी उलट्या जातीची, हलक्या तानांची ‘ई पुरितानी’तली एल्व्हिरा उचलली. सगळी उदाहरणं यशाचीच आहेत, हेच त्यांचं खोटेपण. बदलीवर गेलेल्या बहुतेकांची दुसऱ्या दिवशी परतीची गाडी असते.

प्रेक्षक नेहमी उदार असतो असंही नाही. कालास स्वतः 2 जानेवारी 1958 रोजी रोममध्ये ‘नॉर्मा’ गात होती, समोर इटलीचे राष्ट्राध्यक्ष बसलेले. आवाज साथ देईना, तिने पहिल्या अंकानंतर प्रयोग सोडला, आणि तयार ठेवलेली दुसरी गायिका नव्हती. प्रयोग तिथेच संपला आणि लोकांनी तिला फाडून खाल्लं. पुढचे प्रयोग आनिता चेर्क्वेत्तीने केले, तेही नेपल्समध्ये तीच भूमिका गात असताना. मिलानच्या ला स्कालामध्ये 2006 च्या डिसेंबरात याच्या उलट घडलं. ‘आईदा’च्या सुरुवातीलाच वरच्या गॅलरीतून हुर्यो झाली म्हणून नायक गाणारा रोबेर्तो आलान्या रंगमंच सोडून चालता झाला. वाद्यवृंद वाजतच होता. आन्तोनेल्लो पालोम्बीला विंगेतून तसाच पुढे ढकलला, जीन्समध्ये, आणि इजिप्तचा सेनापती त्या वेषात गाऊ लागला. त्या गॅलरीतल्या लोकांना कुणी अटी वाचून दाखवाव्यात? पुढे 2016 साली न्यूयॉर्कमध्ये योनास काउफमान या गायकाने ‘मानों लेस्को’तून माघार घेतली, तेव्हा नवी भूमिका थोड्या दिवसांत पाठ करून धावून आला तो हाच आलान्या. मला तो तेव्हापासून आवडायला लागला.

माझी सर्वांत लाडकी हकिकत मात्र 28 डिसेंबर 1959 ची आहे, मेटचीच. ‘त्रिस्तान आणि इझोल्ड’ होतं, बिर्गिट निल्सन इझोल्ड होती आणि त्रिस्तान गाऊ शकणारे हाताशी असलेले तिघेही आजारी. पूर्ण भूमिका कुणालाच झेपेना, पण एक-एक अंक झेपेल म्हणाले. व्यवस्थापक रुडॉल्फ बिंग यांनी पडद्यासमोर जाऊन ते इतक्या खुबीने सांगितलं, की तो ‘अरेरे’ हशात विरला. एका इझोल्डने एका रात्रीत तीन त्रिस्तान पाहिले: रामोन विनाय, कार्ल लीब्ल, आल्बर्ट दा कोस्टा.

आमच्या घरात आजीकडून आलेली गोष्ट अशी, की ‘मानापमान’चा पहिला प्रयोग 1911 साली होता त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली आणि तरी ते रंगमंचावर उभे राहिले. लहानपणापासून मी ती आदर्श म्हणून ऐकली. ‘बरं नाही म्हणून गात नाही’ हे तिच्यासमोर मला फार लेचंपेचं वाटायचं. पण दुःख गिळून गाता येतं, सुजलेल्या स्वरतंतूंवर मात्र गाऊ नये. त्यांत रक्तस्राव झाला, तर महिनोन्‌महिने गप्प बसावं लागतं. रोलांदो व्हियाझोन हा गायक ऐन बहरात असताना 2009 साली त्याच्या स्वरतंतूवर शस्त्रक्रिया करावी लागली. घसा बसल्याच्या दिवशी नाही म्हणणारी ती पाहुणी गायिका शहाणीच होती, आणि तिच्यावर चिडून कोट घेऊन गेलेले ते गृहस्थही चूक नव्हते. दोन्ही खरं असू शकतं, इतकं मला काउंटरवर कळलं.

पुढच्या हंगामाची पत्रिका आली तेव्हा मी त्या बदली गायिकेचं नाव शोधलं. नव्हतं. पाहुणी गायिका मात्र पुन्हा आली, त्याच भूमिकेसाठी, या वेळी ठणठणीत. सुंदर गायली, तो उंच स्वरही लावला, टाळ्या दणक्यात पडल्या. मध्यंतरात सात-आठ कोट गेले.

प्रयोगानंतर रांगेत दर वर्षी पास काढणाऱ्या तीन म्हाताऱ्या मैत्रिणी होत्या. पहिली म्हणाली, “छान झालं, पण मागच्या वर्षीची ती दुसरी, तिच्यात जे होतं ते हिच्यात नाही.” दुसरीने जोरजोराने मान हलवली. “काय नाव तिचं?” तिसरीने विचारलं. पहिलीला आठवेना, दुसरीला वाटत होतं की ते पोलिश होतं, मग ती म्हणाली, रुमानियन. माझ्या शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नाव सांगितलं. “हां, तीच,” पहिली म्हणाली, “नाही, असं नव्हतं काही. जाऊ दे, आधी कोट द्या, नाहीतर शेवटची ट्राम जाईल.”